गठ्ठ्याची निळी दोरी

पाइप फुटला तेव्हा मी खिडकीशीच होते. हल्ली बहुतेक वेळ मी खिडकीशीच असते. ओट्यासमोरच्या त्या खिडकीतून सगळं अंगण दिसतं: गोठ्याचं दार, मुरघासाच्या, म्हणजे आंबवलेल्या चाऱ्याच्या, गठ्ठ्यांची थप्पी, डिझेलची टाकी, आणि त्यांच्यामधून फिरणारे माझे सासरे, मलाकी.

शनिवारची सकाळ होती. पाऊस रात्रभर पडून आता नुसता हवेत लोंबकळत होता. माझा नवरा फर्गल लोडरवर होता. लांब सोंडेचा टेलिहँडलर तो, पण आमच्या काव्हन जिल्ह्यात त्याला सगळे लोडरच म्हणतात. फर्गलनं सोंड वर नेली, थप्पीच्या सगळ्यात वरच्या गठ्ठ्यात काटे खुपसले, गठ्ठा उचलला आणि लोडर मागे घेतला. तेवढ्यात फाटकन आवाज झाला. सोंडेच्या टोकाशी पाइपमधून ऑइलचा फवारा उडाला, काटे आपोआप पुढे झुकले आणि सातशे किलोचा गठ्ठा घरंगळून चिखलात आपटला. मलाकी तिथून चार पावलांवर उभे होते.

मी लेकीला, क्लोडाला, कडेवर घेऊनच दारात धावले. ऑइल गोठ्याच्या पत्र्यावर उडालं होतं, आणि छपराखाली तारेवर वाळत घातलेल्या क्लोडाच्या पांढऱ्या बनियनांवरही. एकही सुटली नव्हती.

"गेला!" फर्गल केबिनमधून ओरडला.

"महिनाभर सांगतोय, पाझरतोय म्हणून," मलाकी म्हणाले. ते जागचे हललेही नव्हते.

"सांगत कशाला बसलात? बदलायचा ना."

"लोडर तुझा आहे, पोरा. माझी फक्त ही टोपी."

फर्गलला हसू आलं नाही. सोंड अजून खाली येत होती, तेवढं नशीब. त्यानं ती जमिनीला टेकवली आणि इंजिन बंद केलं. मग गोठ्यातल्या अठ्ठेचाळीस गाईंचा आवाज ऐकू आला. काल संध्याकाळचा मुरघास त्यांनी पहाटेच संपवला होता. मार्च लागला तरी रानात पाय ठेवला की घोट्यापर्यंत रुततो, त्यामुळे बाहेर सोडायची सोय नाही. शेजाऱ्याचा लोडर कुंपणापलीकडे उभा दिसत होता. पण त्याच कुंपणावरून गेल्या वर्षीपासून त्याच्याशी बोलणं बंद आहे, आणि आमच्या घरातल्या दोन्ही पुरुषांना मागण्यापेक्षा मरण परवडतं.

"पाइपचं दुकान दोनला बंद होतं," फर्गल म्हणाला. "जुना पाइप नमुन्याला न्यायला लागेल. नट खोलायचे पाने आणा."

मला आणखी एक गोष्ट दिसत होती, ती म्हणजे सोमवार. सोमवारपासून मी दूधसंघाच्या लॅबमध्ये परत रुजू होणार होते, आणि क्लोडा आठवड्यातले तीन दिवस मलाकींपाशी राहणार होती. पाळणाघरात सप्टेंबरशिवाय जागा नाही. माझी आई मेयोला, तीन तासांवर. सासूबाई पेग जाऊन तीन वर्षं झाली. हे सगळं ख्रिसमसलाच ठरलं होतं. मलाकींनी स्वतः पेगच्या खोलीतली पलंगाची चौकट काढून तिथं पाळणा ठोकला होता.

मग फेब्रुवारीत त्यांनी एका वासराला तासाभरात दोनदा दूध पाजलं. मग एकदा क्लोडाच्या बाटलीत नुसतं उकळतं पाणी ओतलं आणि झाकण लावून माझ्या हातात दिली. बाटली इतकी तापलेली होती की माझ्या हातून सुटली. फर्गलला सांगितलं तर म्हणाला, "अगं, म्हातारा माणूस आहे. मी पण चाव्या विसरतो." मी म्हटलं, चाव्या आणि उकळतं पाणी यात फरक आहे. तो म्हणाला, "ब्रोना, तू आठ महिने नीट झोपलेली नाहीस." तेही खरं होतं. म्हणून मी नुसती बघत राहिले.

पाइपची दोन्ही टोकं सोडवायला फर्गलला पाऊण तास लागला. बुडाकडचा नट गंजला होता. पाना सटकला आणि त्याच्या तीन बोटांची सालं निघाली. बाप-लेक चिखलात गुडघे टेकून एकमेकांना शिव्या देत होते, पण त्यात राग नव्हता. ऑइल बादलीत गळत होतं. तेवढ्यात गोठ्यातून व्यायला आलेल्या कालवडीचा हंबरडा आला, आणि फर्गल उठला.

"मी तिला बघून येतो. डॅडी, दोरी बांधून ओढा हं."

"मला शिकव! तुला हे कुणी शिकवलं?"

"तुम्हीच."

"मग?"

पाइप सोंडेच्या पोटातून जातो, बुडापासून टोकापर्यंत, मधल्या खाचेतून आणि रोलरवरून. तो काढताना शेपटाला गठ्ठ्याची दोरी बांधतात. पाइप बाहेर येतो आणि त्याच्या जागी दोरी आत राहते. मग नवा पाइप दोरीला बांधला आणि ओढला की दहा मिनिटांत बसतो. हे मलाकींनी फर्गलला शिकवलं, फर्गलच्या भावाला शिकवलं, आणि लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मलाही शिकवलं होतं. त्यांच्या कोटाचे खिसे त्या निळ्या दोरीनं कायम फुगलेले असतात. फाटकाला, कोटाच्या तुटलेल्या बटणाला, एकदा तर गाडीच्या सायलेन्सरलाही तीच दोरी होती.

मी खिडकीतून बघत होते. मलाकींनी खिशातून दोरी काढली. पाइपला गाठ मारायला म्हणून दोन-तीन हात तोडली आणि बोटाला गुंडाळली. गोठ्यात कालवड पुन्हा ओरडली तसं त्यांनी तिकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग दोरी बोटावरून काढली, खिशात ठेवली, सोंडेच्या टोकाशी गेले आणि दोन्ही हातांनी पाइप ओढायला लागले.

मला काच वाजवता आली असती. ओटा ते खिडकी एक हाताचं अंतर. काच वाजवली असती, बोट दाखवलं असतं, तर ते कपाळावर हात मारून हसले असते. मी वाजवली नाही. मला बघायचं होतं.

काळा, ऑइलनं माखलेला पाइप वीत-वीत करत बाहेर आला. मी त्याच्या शेवटी निळं काही दिसायची वाट बघत राहिले. टोक आलं. त्यामागे काही नव्हतं. मलाकी ते टोक हातात धरून उभे राहिले. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग वाकून सोंडेच्या भोकात डोकावले, जसं कुणी विहिरीत पडलेली वस्तू शोधतं. मग पाइपाचं वेटोळं केलं आणि गाडीत मागे टाकलं.

फर्गल कोपरापर्यंत रक्तानं माखलेला आला. "नर झाला," तो म्हणाला, पिंपात हात बुडवले, आणि काही न बघता गाडी घेऊन गेला.

*

गाईंना थांबवता येत नव्हतं. मी क्लोडाची बाबागाडी गोठ्याच्या दारात, वारा लागणार नाही अशी लावली, आणि मलाकी आणि मी पडलेला गठ्ठा हातानं फोडायला लागलो. प्लास्टिक कापलं. आंबूस, गोड वास आला. दाताळ्यानं उपसायचं, हातगाड्यात टाकायचं, गव्हाणीपर्यंत न्यायचं, रिकामं करून परत यायचं. दाबून बसलेला मुरघास चटईसारखा थरांनी निघतो आणि ओला असतो. पाचव्या खेपेला माझ्या पोटावरची सिझेरियनच्या टाक्यांची रेघ ओढ घ्यायला लागली. मी दाताळ्यावर टेकले.

"बस जरा, पोरी," मलाकी म्हणाले. "गाई कुठं पळत नाहीत."

"ओरडतायत ना पण."

"ओरडू दे. पेग म्हणायची, गाय आणि पाद्री दोघांनाही वाट बघायला लावावी."

ते स्वतः थांबले नाहीत. त्र्याहत्तरीचा माणूस, पण दाताळ्याची फेक अशी की एक काडी सांडत नव्हती. पाय रोवायचे, कमरेतून वळायचे, टाकायचे. त्यांच्याकडे बघून वाटलं, माझंच डोकं फिरलंय. हा माणूस सगळं जाणतो.

"हिनं दूध प्यायलं का?" त्यांनी क्लोडाकडे बघून विचारलं.

"प्यायली. नऊला."

आणखी दोन खेपा झाल्या. क्लोडा हातमोजा चावत होती. मलाकी तिच्यापाशी थांबले, मुरघासाची एक काडी तिच्या नाकासमोर हलवली. ती खदखदून हसली.

"दूध प्यायलं का हिनं?"

मी हातगाड्याच्या दांड्या घट्ट धरल्या. "प्यायली, मलाकी."

"बरं बरं."

बारा वाजता गोठ्यातल्या रेडिओवर प्रार्थनेची घंटा झाली. त्यांनी टोपी काढली, ओठ हलवले, छातीवर क्रॉस काढला. प्रार्थनेतला एकही शब्द चुकला नाही. अर्ध्या गाईंचं तोंड चालू झालं होतं. बाकीच्या अर्ध्या आमच्याकडे बघत होत्या.

*

फर्गल दीडला परत आला. नवा पाइप चकचकीत, दोन्ही तोंडांना पिवळी बुचं लावलेला.

"पाइपवाला विचारत होता, हा पाइप तुझ्या आजोबांच्या लग्नातला काय," तो म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचा आवाज सैल होता. "म्हटलं, नाही, आजोबांनीही जुनाच घेतला होता. चला. दोरी?"

तो सोंडेच्या टोकाशी वाकला. मग बुडाशी गेला. परत टोकाशी आला.

"डॅडी, दोरी कुठंय?"

मलाकी हात पुसत होते. फडकं आधीच काळं होतं, तरी पुसत राहिले.

"तुटली."

"तुटली? आतमध्ये?"

"तुटली असेल. कुजकी दोरी असते हल्लीची. पूर्वी कशी…"

"मग निघताना सांगायचं नाही का? दुकानात लवचीक पट्टी मिळते ओढायची. आता परत पोचेपर्यंत दुकान बंद!"

मलाकींनी माझ्याकडे बघितलं नाही. क्लोडाच्या टोपीची नाडी सुटली नव्हती, तरी मी ती सोडून पुन्हा बांधली.

त्यानंतरचा दीड तास आठवला तरी खांदे दुखतात. आधी फर्गलनं विजेच्या कुंपणाची तार आत सरकवली. ती मधल्या खाचेपाशी अडली आणि वाकून परत आली. मग नळ साफ करायची काठी. तीही तिथंच अडली. मग नुसता पाइप ढकलून बघितला. तो आत कुठं तरी गोल फिरला आणि फर्गलच्याच तोंडावर थोबाडीत मारल्यासारखा आपटला. पाऊस पुन्हा लागला. पाने निसरडे झाले. सोंडेच्या कुशीत, बरोबर त्या खाचेशेजारी, एक झाकण असतं. ते उघडून फर्गलनं हात घातला. मनगट गेलं, पुढचा हात अर्धा गेला, आणि अडकला. हात बाहेर ओढताना कातडी खरवडून निघाली.

"थोडा डावीकडे घे," मलाकी म्हणाले.

"डावीकडं लोखंड आहे!"

"मग उजवीकडे."

"डॅडी, तुम्ही गप्प बसाल का? तुमच्या एका दोरीपायी हे चाललंय."

मलाकी दोन पावलं मागे सरकले आणि छपराच्या कडेला, जिथं पागोळी गळते, तिथंच उभे राहिले. पाणी टोपीवर पडत होतं. बाजूला व्हायचं त्यांना सुचलं नाही, की व्हायचं नव्हतं, कळेना.

फर्गलनं माझ्या हातांकडे बघितलं.

"ब्रोना. तुझा हात जाईल."

"क्लोडा आहे माझ्यापाशी."

"डॅडींकडे दे. दहा मिनिटं."

दहा मिनिटं. मी मलाकींकडे बघितलं. आमच्या तिघांशिवाय अंगणात कुणी नव्हतं. एक हात सोंडेत आणि गाल लोखंडाला लावलेला असला की मान वळत नाही, हे मला आत्ताच फर्गलकडे बघून कळलं होतं. पलीकडे वीस पावलांवर शेणखताच्या खड्ड्याचं फाटक होतं, जे आज सकाळी दोनदा उघडं राहिलं होतं.

"किल्ली दे आधी," मी फर्गलला म्हटलं.

"इंजिन बंद आहे."

"किल्ली दे."

त्यानं दिली. मी ती खिशात टाकली. क्लोडाला बाबागाडीत बसवलं, पट्टे लावले, ब्रेक लावला, आणि गाडी मलाकींच्या हाताशी नेली. गठ्ठ्यांच्या थप्पीच्या आडोशाला, कोरड्यात. ते एका उलट्या बादलीवर बसले.

"इथून हलायचं नाही, मलाकी."

"नाही हलत."

"काहीही झालं तरी."

"पोरी, समजलं मला."

मी कोट काढला, बाही खांद्यापर्यंत वर केली आणि हात आत घातला. आत थंडगार होतं. ऑइल, वाळू, जुनं ग्रीस. गाल लोडरच्या पिवळ्या पत्र्याला टेकला. मला फक्त फर्गलच्या बुटांचे पुढचे भाग दिसत होते.

"खाच लागली?"

"थांब. काहीतरी कड आहे."

"तीच. तिच्या वरच एक भोक असेल, अंगठ्याएवढं. मी तार ढकलतो, तू टोक धर आणि भोकात घाल."

तार माझ्या बोटांना टोचली, निसटली, पुन्हा आली. मागून क्लोडाचा आवाज येत होता, ती काहीतरी बडबडत होती. मग आवाज थांबला. मी तार सोडली.

"मलाकी!"

"आहे," मागून आवाज आला. "इथंच आहोत."

"ब्रोना, तार!" फर्गल ओरडला.

मी पुन्हा शोधली. अंगठ्याचं नख मोडलं. तीन वेळा टोक भोकाच्या कडेला लागून घसरलं, चौथ्यांदा गेलं. फर्गलनं पलीकडून ओढून पाहिलं, आणि त्याचे बूट चिखलात नाचले. "आली! आली! तशीच धर!" त्यानं तारेला नवा पाइप बांधला, मी आतून तो बोटांनी खाचेवरून पुढे सारत राहिले, वीत-वीत, दंडाला मुंग्या येईपर्यंत. शेवटी पिवळं बूच टोकाच्या भोकातून बाहेर डोकावलं.

हात बाहेर काढला तेव्हा तो माझा वाटत नव्हता. काळा, कोपराशी सोललेला. मी वळले.

मलाकी बादलीवर तसेच बसले होते. क्लोडा गाडीत झोपली होती, मान एका बाजूला टाकून. त्यांचा डावा हात मांडीवर उताणा होता, आणि मनगटाला निळी दोरी बांधलेली होती. दोन वेढे आणि गाठ. दोरीचं दुसरं टोक गाडीच्या दांडीला. तिथंही दोन वेढे आणि गाठ. मध्ये जेमतेम हातभर दोरी. सकाळची तीच, त्यांनी तोडून बोटाला गुंडाळलेली.

मी त्यांच्यासमोर चवड्यांवर बसले. फर्गल लोडरच्या पलीकडे नट आवळत होता.

"विसरून उठलो असतो तर," मलाकी हळू म्हणाले, "हातालाच कळलं असतं."

मी दोरीच्या गाठीवर बोट ठेवलं.

"तू खिडकीत होतीस सकाळी."

"होते."

"काच वाजवली नाहीस."

"नाही."

त्यांनी मान हलवली, जसं एखादी किंमत ऐकून पटल्यावर हलवतात. "मीही नसती वाजवली," ते म्हणाले. "माझी मुलगी असती तर." मग हाताकडे बघत, "दोरी हातात होती, ब्रोना. कशासाठी घेतली ते गेलं. नुसतं गेलं. जसं दिवा घालवल्यावर खोली जाते. पाइप पुरता बाहेर आला तेव्हा परत आलं."

"कधीपासून होतंय?"

"पेगच्या वर्षश्राद्धाला पाद्रीबाबांना विचारलं होतं, कुणाची प्रार्थना आहे म्हणून." त्यांनी क्लोडाच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. दोरी त्यांच्या हाताबरोबर ओढली गेली. "सोमवारी हिला माझ्यापाशी ठेवू नको."

हे ऐकायला मी महिनाभर तडफडत होते. आता ऐकलं, आणि त्यातून काही सुटलं नाही.

"मी लॅबला फोन करते. आठवडाभर…"

"तू कामाला जा. कुणी बाई मिळते का बघ. ती असली की मी असेन बाजूला. पाळण्याचा खिळा एक वर आलाय, तोही ठोकून घे." त्यांनी मनगट माझ्यापुढे केलं. "आणि मला डॉक्टरकडे ने. फर्गल नाही नेणार. तो म्हणेल, मी पण चाव्या विसरतो."

मी त्यांच्या मनगटाची गाठ सोडवायला घेतली. माझी बोटं ऑइलनं बुळबुळीत, एक नख मोडलेलं, आणि ओल्या दोरीची गाठ घट्ट बसलेली. ती गाठ मात्र कुठंही चुकली नव्हती. खिशातला चाकू काढला तर म्हणाले, "कापू नको. हातभर दोरी आहे, कामाला येईल." म्हणून मी दातांनी ओढली. मुरघासाची आणि ऑइलची चव लागली.

"ब्रोना, किल्ली!" फर्गल केबिनमध्ये चढला होता. मी किल्ली नेऊन दिली. इंजिन लागलं. काटे एकदा खाली गेले, वर आले. पाइप फुगला, थरथरला, टिकला. फर्गलनं मला अंगठा दाखवला. चेहऱ्यावर ऑइल, आणि खाली दमलेलं हसू. "डॅडींना सांग, पुढच्या वेळी चांगली दोरी घ्या म्हणून!" तो इंजिनावरून ओरडला, आणि थप्पीतला एक गठ्ठा उचलून गव्हाणीकडे निघाला. उपाशी राहिलेल्या गाईंनी माना पुढे काढल्या.

मलाकी उठले. गुडघ्यांना हात लावून, दोन टप्प्यांत. टोपीचं पाणी झटकलं.

"खरं काय ते मी सांगतो त्याला," ते म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता लक्षात आहे."

ते गव्हाणीकडे चालत गेले. फर्गलनं गठ्ठा खाली ठेवला होता, प्लास्टिक कापायला तो उतरणारच होता. मलाकी केबिनच्या दाराशी उभे राहिले, एक हात पायरीवर ठेवून, वर बघत. त्यांचे ओठ हलताना दिसले. ऐकू काही येत नव्हतं. फर्गलनं कानाला हात लावला. मलाकींनी पुन्हा सांगितलं.

फर्गलनं इंजिन बंद केलं. मग अंगणात फक्त गाई चघळत असल्याचा आवाज राहिला.